पास घ्यावा की तिकीट? आणि सिनियरची सवलत तिकडे मिळते का हो?

पत्र सांगलीहून आलंय, थोडं छाटून देतेय:

"ताई, नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालोय, वय 66, मिसेस 61. लेक म्युनिकला असते, तिच्याकडे सप्टेंबरमधे जायचं चाललंय, एकूण 20 दिवस. तिच्याकडे दहा-अकरा दिवस राहून (त्यात एक दिवस साल्झबर्ग बघून यायचंय) मग आम्ही दोघंच ल्युसर्न, इंटरलाकेन, फ्लॉरेन्स करत रोमला जाणार आणि तिथून परतीचं विमान. ग्रुप टूर नकोच, सकाळी सहाला उठवतात. सगळं ट्रेननेच करायचंय. आता लेक म्हणते पास घ्या, कटकट नको. इथला टूरवाला म्हणतो फर्स्ट क्लासचाच पास घ्या, या वयात सेकंड क्लास झेपणार नाही. मेव्हणा म्हणतो तिकडे सिनियरना निम्मं भाडं असतं, आपलं सिनियर सिटिझनचं कार्ड बरोबर ठेवा. खरं कोणाचं? मिसेसचे गुडघे दुखतात, हे पण लक्षात घ्या. आणि पैसे कुठे वाचतील ते स्पष्ट सांगा, पेन्शनीतून करतोय."

भाऊ, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आणि बरंचसं चूक आहे. मी तुमच्याहून एका वर्षाने मोठीच आहे आणि आम्ही दोघं तीन वेळा असंच बॅगा ओढत फिरून आलोय, तेव्हा जे सांगतेय ते पायाने शिकलेलं आहे, ब्रोशरमधलं नाही.

आधी मेव्हण्यांचं बघू. आपल्याला सवय कशी लागली होती बघा, साठी झाली की रेल्वेत 40 टक्के, बायकांना तर अठ्ठावन्नपासूनच 50 टक्के, नुसतं वय टाकलं की झालं. मार्च 2020 मधे ती सवलत गेली ती गेलीच. पण एसटीने ती सवय टिकवून ठेवलीय, पंच्याहत्तरीनंतर फुकट, पासष्टनंतर निम्मं, बायकांना तर कुठल्याही वयात निम्मं, म्हणजे सांगली स्टँडवर वहिनींना आत्ताही अर्धंच तिकीट लागत असणार. त्यामुळे आपल्याला वाटतं युरोपातही असंच कुठेतरी एक बटण असेल. तसं नाहीये हो. युरोपची म्हणून एक रेल्वेच नाही. प्रत्येक देशाची वेगळी, काही देशात दोन-तीन कंपन्या, आणि म्हातारं कधी व्हायचं हे पण प्रत्येकाचं वेगळं. स्पेन, फ्रान्स, इंग्लंडमधे 60 ला तुम्ही सिनियर. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोर्तुगालमधे 65. म्हणजे तुमच्या घरात म्युनिकला तुम्ही सिनियर आणि वहिनी नाहीत, वहिनींना हे जरूर वाचून दाखवा. स्वित्झर्लंडमधे टुरिस्टच्या पासावर वयाची सवलतच नाही, तरुणांना आहे, आपल्याला नाही. आपलं इथलं सिनियर सिटिझन कार्ड तिकडे कोणी हातात पण घेणार नाही, वयाचा पुरावा म्हणजे पासपोर्ट.

आणि एक सापळा सांगते कारण व्हॉट्सअॅपवर फिरत असतो: हंगेरीत पासष्टनंतर ट्रेन फुकट, स्लोव्हाकियात बासष्टनंतर फुकट. खरं आहे, पण ते युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी. आपला निळा पासपोर्ट बघून तिथे टीसी मान डोलावत नाही. सगळ्यांना फुकट असलेला देश एकच, लक्झेंबर्ग, 2020 पासून, आणि तो तुमच्या रस्त्यात नाही.

मग वाचवायचं कुठे? भाऊ, तुमची खरी सवलत वयाची नाहीये, वेळेची आहे. म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे भाडं बहुतेक ठरलेलं असतं आणि मारामारी असते सीटची, 60 दिवस आधी सकाळी आठला लॉगिन करून बसायचं, वेटिंग किती, कन्फर्म होईल का. तिकडे उलटं आहे, सीट बहुतेक वेळा मिळते, भाडं पळतं. लांबच्या गाड्यांचं तिकीट विमानासारखं असतं, थोडी स्वस्त तिकिटं आधी सोडतात, ती संपली की पुढची महाग, ती संपली की अजून महाग. म्युनिक ते झुरिक तीच गाडी तीच सीट, तीन महिने आधी घेतली तर वीस-तीस युरोत बसते आणि आदल्या दिवशी घेतली तर दुप्पट-तिप्पट होते. आणि कोणती स्वस्त असते? मंगळवारची, बुधवारची, सकाळी साडेदहा-अकराची. शुक्रवार संध्याकाळची आणि रविवारची महाग, कारण नोकरीवाले तेव्हा फिरतात. त्यांना सुट्टी बघून जावं लागतं, तुम्हाला नाही. लेकीला शनिवार-रविवार मोकळा असतो म्हणून ती तुम्हाला शनिवारी गाडीत बसवून द्यायला बघेल, प्रेमाने बघेल, पण तुम्ही मंगळवारीच निघा.

आता पास. युरेल पास म्हणजे 33 देशांत चालणारा, आपण युरोपाबाहेर राहणारे म्हणून आपल्याला तो घेता येतो, आणि साठीच्या वर 10 टक्के कमी. (लेकीने तुमच्यासाठी इंटररेल नावाचा घ्यायला नको, तो तिकडे राहणाऱ्यांचा, नावं सारखी आहेत म्हणून लोक फसतात.) महिन्यात 7 दिवस प्रवास असा सेकंड क्लासचा घेतला तर सिनियरला साडेतीनशे युरोच्या आसपास पडतो. माणशी. आता तुमचे खरे लांबचे प्रवास मोजा. म्युनिक-ल्युसर्न एक. इंटरलाकेन-मिलान-फ्लॉरेन्स दोन. फ्लॉरेन्स-रोम तीन. साल्झबर्गचं वेगळं सांगते, ते पासाशिवायच स्वस्त आहे. ल्युसर्न-इंटरलाकेन दोन तासांचं आहे. हे सगळं आधी घेतलं तर माझ्या अंदाजाने माणशी दीडशे-पावणेदोनशे युरोत बसावं. शिवाय इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असला तरी रिझर्वेशनचे पैसे वेगळे द्यावेच लागतात, प्रत्येक गाडीला दहा-बारा युरो, हे टूरवाला सांगत नाही. तेव्हा तुमच्या प्रवासाला पास बसत नाही, फर्स्ट क्लासचा तर मुळीच नाही.

पास वाईट असतो असं नाही हं. ज्यांचं काहीच ठरलेलं नाही, आज पाऊस आहे म्हणून उद्या जाऊ असं करायचंय, जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड-बेल्जियम असं रोज गाडीत बसायचंय, त्यांना तो सोन्यासारखा, कारण त्या देशांत बऱ्याच गाड्यांना रिझर्वेशन लागतच नाही. तुमचं सगळं ठरलंय, विमानाची तारीख पण ठरलीय, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचं ठरलेलं असणारच.

आणि फर्स्ट क्लास, सेकंड क्लास झेपणार नाही हे कोण म्हणालं? तिकडचा सेकंड क्लास म्हणजे आपली चेअर कार समजा, त्याहून बरीच. फक्त जर्मनीत तिकिटाबरोबर सीट येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते, पाच-साडेपाच युरो एका सीटचे, ते मात्र घ्याच. तिथे कंजूषी करून आम्ही एकदा दोन तास दारातल्या बॅगांवर बसलोय. आणि बुक करताना फर्स्ट क्लासचा भाव पण बघत जा, कधीकधी फरक सात-आठ युरोचाच असतो, तेवढा असला तर बसा की.

आता म्युनिकचे दहा दिवस, इथे खरी मजा आहे. बायर्न तिकीट म्हणून एक चीज आहे, एका दिवसाचं, बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या रीजनल गाड्या, शिवाय म्युनिकच्या ट्राम, बस, मेट्रो सगळं त्यात. एकाला तीसेक युरो आणि बरोबरच्या प्रत्येकाला दहाच्या आसपास जास्तीचे, पाच जणांपर्यंत एकच तिकीट. आणि ऑस्ट्रियातलं असूनही साल्झबर्ग स्टेशनपर्यंत ते चालतं! म्हणजे तुम्ही, वहिनी, लेक, जावई चौघं मिळून साल्झबर्गला जाऊन आलात तर माणशी पंधराएक युरोत जाऊन-येऊन. दोन गोष्टी फक्त. एक, सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच सुरू होतं, शनिवार-रविवारी रात्री बारापासून चालतं. दोन, फक्त रीजनल गाडीत चालतं, लाल पट्टा असलेल्या पांढऱ्या फास्ट गाड्यांत किंवा ऑस्ट्रियाच्या रेलजेटमधे चढलात तर ते तिकीट नाहीच असं धरतात. रीजनलला पावणेदोन-दोन तास लागतात, फास्टला दीड, वीस-पंचवीस मिनिटांसाठी कशाला.

आम्ही गेलो होतो तेव्हा साडेआठलाच स्टेशनवर हजर, सवय आपली, गाडीच्या आधी तासभर. समोर साल्झबर्गची गाडी उभी, रिकामी, नऊच्या आधी सुटणारी. आमचे हे म्हणाले चढूया, पाच मिनिटांनी काय होतंय. मी म्हटलं अजिबात नाही. ती गाडी गेली, आम्ही बाकावर बसून डब्यातलं थालीपीठ खाल्लं, शेजारी एक जर्मन आजी बसली होती, तिच्याही हातात तेच तिकीट आणि ती पण घड्याळाकडे बघत बसलेली. पुढच्या गाडीला आमच्यासारखे केस पिकलेले निम्मे डबे भरून होते. तेव्हा कळलं, हे नऊचं गणित तिथल्या सगळ्या रिटायर्ड लोकांना पाठ आहे. तिकिटावर नाव लिहायची जागा असते, पेनने सगळ्यांची नावं लिहा, न लिहिता बसू नका.

जर दहा दिवसांत तुम्ही चार-पाच वेळा बाहेर पडणार असाल (फ्युसनचा राजवाडा, न्युरेम्बर्ग, चीमसे तळं, सगळं रीजनलने होतं) तर डॉइचलांड टिकेट जास्त परवडेल. 2023 मधे 49 युरोला सुरू केलं, 2025 ला 58 झालं, 2026 पासून 63. महिनाभर पूर्ण जर्मनीतल्या रीजनल गाड्या आणि सगळ्या शहरांच्या बस-ट्राम, नऊची अट नाही, साल्झबर्ग पण येतं त्यात. पण हे सबस्क्रिप्शन आहे, कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतं, आणि बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायचं असतं. म्हणून तुमचा म्युनिकमधला मुक्काम एकाच महिन्यात बसेल असं बघा, अर्धा ऑगस्ट अर्धा सप्टेंबर झालं तर दोनदा भरावे लागतील. सिनियर बानकार्ड म्हणून जर्मन रेल्वेचं एक सवलतीचं कार्ड आहे 65 च्या वर, पण तुमच्या एका लांबच्या प्रवासासाठी नको, आणि ते पण आपोआप रिन्यू होणाऱ्यातलं.

म्युनिकमधे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ऑक्टोबरफेस्ट सुरू होतं (नाव ऑक्टोबर, सुरू सप्टेंबरात). तेव्हा गाड्या तुडुंब, स्टेशनवर गणपती विसर्जनाची गर्दी, फक्त हातात बियर. त्याच्या आधी म्युनिक सोडता आलं तर सोडा.

स्वित्झर्लंडला येऊ. इथे पैसे वाचत नाहीत, कमी जातात एवढंच म्हणायचं. दोन रस्ते आहेत. एक स्विस ट्रॅव्हल पास, 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा, गाड्या, बोटी, बस, पाचशेच्या वर म्युझियम, रिगी डोंगर सुद्धा त्यातच. दुसरा हाफ फेअर कार्ड, महिनाभराचं, जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्मं. कोणता घ्यायचा हे एकाच प्रश्नावर ठरतं: युंगफ्राउयोखला जाणार का? कारण त्या डोंगराचं जाण्या-येण्याचं भाडं दोनशे फ्रँकच्या वर आहे, आणि ट्रॅव्हल पास त्यातल्या वरच्या टप्प्यावर 25 टक्केच सूट देतो, हाफ फेअर कार्ड 50 टक्के. जाणार असाल तर हाफ फेअर. नसाल, आणि ल्युसर्नच्या तळ्यात बोटीने हिंडून रिगीला जायचं असेल तर ट्रॅव्हल पास. आम्ही पहिल्यांदा दोन्हीचा हिशोब न करता महागडं ते चांगलं म्हणून पास घेतला आणि वर डोंगराचे वेगळे भरले, म्हणजे बँकवाल्यांच्या भाषेत डबल एंट्री. हाफ फेअर कार्ड घेतलंत तर सेव्हर डे पास म्हणून दिवसभराचं तिकीट असतं ते पण बघा, सहा महिने आधीपासून मिळतं, जितकं आधी तितकं स्वस्त, कार्ड असेल तर अजून स्वस्त.

तसं माझं वैयक्तिक मत विचाराल तर 3454 मीटरवर जाऊन धाप लागण्यापेक्षा लाउटरब्रुनेनहून वेंगेनला वर चढणारी छोटी गाडी पकडा, तिथे बाकावर बसा, समोर तोच युंगफ्राउ दिसतो, आणि कॉफीचे पैसे तेवढे जातात. पण सांगलीला परत गेल्यावर लोक विचारणार, टॉपवर गेलात का, ते तुमचं तुम्ही बघा.

इटली. इथे दोन कंपन्यांची टक्कर आहे, सरकारी ट्रेनइटालिया आणि खासगी इटालो, मिलान-फ्लॉरेन्स-रोमवर दोघांच्या फास्ट गाड्या धावतात म्हणून भाव खाली राहतात. दोघांच्या साइटवर एकाच दिवसाचं बघायचं. सिनियर म्हणून दर दिसतात, पण तो दर आणि साधा सगळ्यात स्वस्त अॅडव्हान्स दर शेजारी शेजारी ठेवून बघा, बऱ्याचदा साधाच स्वस्त निघतो, कारण सिनियरची सूट महागड्या मूळ भाड्यावर असते. आपल्याकडे सेलमधे आधी भाव वाढवून मग पन्नास टक्के लावतात ना, तसंच काहीसं. फ्लॉरेन्सहून पिसा किंवा सिएनाला जायचं झालं तर रीजनल गाडी, तिचा भाव ठरलेला, आधी घेऊन काही फायदा नाही, त्याच दिवशी घ्या.

पण त्या रीजनलच्या कागदी तिकिटाचं एक आहे. गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या मशिनमधे ते तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा. आम्ही एका छोट्या स्टेशनवर तिकीट काढलं, खिशात ठेवलं, गाडी आली, चढलो. टीसी आला तर आमचे हे तिकीट पुढे करून हसत उभे, पैसे भरलेत, घाबरायचं काय. तो तिकीट उलटं करतो, सुलटं करतो, कोपऱ्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणतो, आम्हाला वाटलं फ्लॉरेन्सची चौकशी करतोय. मग कळलं कोपरा कोरा आहे, शिक्का नाही, म्हणजे तेच तिकीट परत वापरता येईल, म्हणून दंड. चूक आमचीच, मशीन आमच्या डोक्याशीच भिंतीवर होतं, मी त्यालाच टेकून उभी होते. मोबाईलवर तिकीट घेतलंत तर त्यात चेक-इन असतं, तेवढं करा. आणि बोर्डावर फ्लॉरेन्स शोधू नका, फिरेन्झे असतं, आणि म्युनिकला इटालियनमधे मोनाको म्हणतात, तेव्हा दचकू नका.

आता जिथे वाचवू नका ते सांगते, कारण पत्रातलं गुडघ्याचं वाक्य मी विसरले नाहीये. गाडी बदलणं. साइटवर सगळ्यात स्वस्त म्हणून जे वर येतं त्यात बऱ्याचदा तीन ठिकाणी बदलायचं असतं आणि मधे सात मिनिटं दिलेली असतात. सात मिनिटांत पंचविशीतला पोरगा धावतो, आपण नाही. हमाल हा प्रकार तिकडे नाही, लाल डगला आणि डोक्यावर तीन बॅगा हे दृश्य विसरा. डब्याला कधी दोन पायऱ्या असतात, बॅग स्वतः उचलायची. म्हणून म्युनिक-ल्युसर्नला एकदाच, झुरिकला बदलेल अशी गाडी घ्या. ल्युसर्न-इंटरलाकेन थेट आहे, ब्रुनिग घाटातून जाते, खिडकीतून बघतच बसाल. इंटरलाकेनहून फ्लॉरेन्सला श्पीत्स आणि मिलानला असं दोनदा बदलायचंय. मिलानला जास्त वेळ ठेवा, दीड तास तरी, कारण इथे एक बारीक गोष्ट आहे: स्विसहून येणारं तिकीट वेगळं आणि इटलीचं वेगळं असेल, आणि पहिली गाडी उशिरा आली, तर तुमचं पुढचं स्वस्त तिकीट, जे त्याच गाडीचं असतं, ते वाया जातं, पुढची कंपनी म्हणते आमचा काय संबंध. दीड तासात मिलानो चेंत्राले स्टेशन बघायचं, नुसतं स्टेशनच आपल्या सीएसएमटीसारखं मान वर करून बघण्यासारखं आहे.

जर्मनीत गाड्या वेळेवर असतात ही समजूत घरीच ठेवून जा. उशीर होतो, भरपूर होतो. पण नियम आपल्या बाजूने आहेत. ठरलेल्या गाडीचंच तिकीट असलं तरी पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं, दुसरी गाडी पकडता येते. तासाभराच्या वर उशीर झाला तर 25 टक्के पैसे परत, दोन तासांच्या वर 50 टक्के. मागावे लागतात, आपोआप येत नाहीत, लेकीला अॅपमधून करायला सांगा.

आणि वहिनींसाठी: स्टेशनवर मदतीची सोय मोफत असते, चढवून देतात, गाडी बदलताना घेऊन जातात, काही गाड्यांना लिफ्टसारखा रॅम्प लावतात. व्हीलचेअरवरच असायला पाहिजे असं नाही, पायऱ्या चढता येत नाहीत एवढं पुरतं. निदान 24 तास आधी कळवायचं. आपल्याला मागायला लाजल्यासारखं होतं, मला पण झालं होतं, पण झुरिकच्या त्या लांबलचक फलाटावर कोणी बॅगसकट नेऊन बसवलं तर काय वाईट आहे.

व्हिसाचं राहिलंच. सगळं आधी घ्या म्हणतेय खरं, पण शेंगेन व्हिसा हातात पडायच्या आधी जे परत होत नाही ते घेऊ नका. जर्मनीच्या स्वस्त तिकिटांत दोन प्रकार, सुपर श्पारप्राइस म्हणजे सगळ्यात स्वस्त पण रद्द होत नाही, आणि नुसतं श्पारप्राइस, ते थोडं महाग पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत दहा युरो कापून रद्द होतं. व्हिसा नसेल तोवर दुसरं घ्या. व्हिसा सहा महिने आधीपासून टाकता येतो, तेव्हा लवकर टाका आणि हा प्रश्नच मिटवा.

तिकिटं लेकीने तिच्या अकाउंटवरून काढली तर चालेल पण प्रवाशाचं नाव तुमचं घालायला सांगा, तिकिटाबरोबर पासपोर्ट बघतात. तुम्हीच काढणार असाल तर कार्डावर इंटरनॅशनल वापर चालू करा, तो आपल्याकडे बंदच असतो, हे मी एका बँकवाल्याला सांगतेय म्हणजे कमाल आहे. फॉरेक्सचा मार्कअप पण बघा, तीन-साडेतीन टक्के जातात काही कार्डांवर.

छोटं छोटं: स्टेशनवरच्या टॉयलेटला एक युरो आणि स्वित्झर्लंडमधे त्याहूनही जास्त लागतो, गाडीत फुकट असतं, उतरायच्या आधी जाऊन या, या वयात दिवसाला चार-पाच युरो तिथेच वाचतात. स्विसमधे जेवायला रेस्टॉरंट नको, कोओप आणि मिग्रोस या दुकानांत तयार सॅलड, ब्रेड, दही मिळतं, ते गाडीत बसून खायचं, तिकडे सगळेच खातात. पाणी नळाचं प्या.

तुमच्या रस्त्यात नाही पण इतर बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून एका दमात सांगून टाकते: स्पेनला जाणाऱ्यांनी स्टेशनवर रेनफेच्या (तिथली सरकारी रेल्वे) काउंटरला तार्हेता दोरादा मागा, साठीच्या वर, 6 युरोला वर्षभर, गाडीप्रमाणे 25 ते 40 टक्के सूट, पहिल्याच तिकिटात वसूल, याहून स्वस्त कार्ड मी कुठे पाहिलं नाही. पोर्तुगालला 65 च्या वर नुसता पासपोर्ट दाखवून निम्मं, कार्ड-बिर्ड काही नाही. फ्रान्सचं सिनियर कार्ड 49 युरोला, 30 टक्के सूट, म्हणजे दीड-पावणेदोनशे युरोची तिकिटं होणार असतील तरच घ्या, आणि स्वस्तातल्या विगो गाड्यांना ते चालत नाही. इंग्लंडचं सिनियर रेलकार्ड 60 च्या वर, एक तृतीयांश सूट, लंडनहून एडिंबरा जाऊन-येऊनच वसूल होतं. पण नवरा-बायकोतलं एकच साठीचं असेल तर टू टुगेदर नावाचं कार्ड घ्या, त्यात वयाचा प्रश्न नाही, दोघांनी बरोबर फिरायचं एवढीच अट, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर.

तर भाऊ, या क्रमाने करा: व्हिसा टाका, मग म्युनिक-ल्युसर्न आणि इटलीची दोन तिकिटं मंगळवार-बुधवार बघून घ्या, स्विसचं कार्ड युंगफ्राउचा निर्णय झाल्यावर, बायर्न तिकीट किंवा डॉइचलांड टिकेट तिकडे गेल्यावर लेकीच्या मदतीने. टूरवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि माणशी एकच बॅग, जी वहिनींना स्वतःला दोन पायऱ्या वर उचलता येईल अशी, लेकीसाठी न्यायचा चिवडा, भडंग आणि गोडा मसाला धरून. ते वहिनींना कसं सांगायचं ते तुम्ही बघा, मी त्यात पडणार नाही.